डोळ्याच्या आत बुरशी: रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

डोळ्यात बुरशी म्हणजे नेमकी कुठे?

'डोळ्याला फंगस झालंय' या एकाच वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात, म्हणून आधी जागा पक्की करू.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक आवरण असतं, ते कॉर्निया. तिथे बुरशीची जखम झाली तर तो फंगल केरॅटायटिस. शेतीत राबणाऱ्या घरांत सर्वांत जास्त दिसतो तो हाच. भिंगाच्या मागची पोकळी जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते, त्याला व्हिट्रस म्हणतात. तो सगळा मिळून जेमतेम ४ मिलीलिटर. त्याच्या मागे पडदा, म्हणजे रेटिना. बुरशी इथवर पोचली की त्याचं नाव फंगल एंडॉफ्थॅल्मायटिस. खालची बहुतेक उत्तरं याच आजाराबद्दल आहेत.

तिसरा म्युकरमायकोसिस. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून महाराष्ट्रभर ज्याची दहशत होती तो. तो सायनसमधून, म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांतून, डोळ्याच्या खोबणीत शिरतो. गाल बधिर होतो, पापणी पडते, डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात. ही लक्षणं असतील तर पुढचं वाचत बसू नका. ज्या रुग्णालयात कान-नाक-घसा आणि नेत्र हे दोन्ही विभाग आहेत तिथे त्याच दिवशी पोचा.

बुरशी आत शिरते कशी?

एक वाट रक्तातून. कॅन्डिडा ही बुरशी आपल्या आतड्यांत आणि कातडीवर एरवीही असते आणि काही त्रास देत नाही. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत दिवसेंदिवस नळी राहिली, शिरेतून पोषण चालू असलं, अँटिबायोटिक्सचे कोर्स लांबले, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, केमो चालू असली किंवा साखर हाताबाहेर गेलेली असली की तिला रक्तात शिरायला फट मिळते. वेळेआधी जन्मलेली बाळं आणि शिरेतून नशा करणारे यांनाही हाच धोका. डोळ्याच्या मागच्या भिंतीत रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. बुरशी आधी तिथे अडकते, पांढरट ठिपका करते आणि मग पडदा फोडून व्हिट्रसमध्ये उतरते. व्हिट्रसमध्ये तिचे कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे होतात. ते एकामागे एक ओवल्यासारखे दिसले तर डॉक्टर त्याला 'मोत्यांची माळ' म्हणतात.

अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी फुप्फुसातून रक्तात येते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत आणि महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांत ती जास्त दिसते. तिची खोड वाईट: ती बहुधा पडद्याच्या ऐन मध्यावर, मॅक्युलावर जाऊन बसते.

दुसरी वाट बाहेरून. मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन, डोळ्यात दिलेलं इंजेक्शन, बाभळीचा काटा किंवा तार घुसणं, नाहीतर कॉर्नियावरची बुरशीची जखम आत उतरणं. २०१२ साली अमेरिकेत एका औषध बनवणाऱ्या फार्मसीने तयार केलेला ऑपरेशनमध्ये वापरायचा रंग आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं दूषित निघाली. फ्युझेरियम आणि बायपोलॅरिस या बुरश्या त्यातून थेट अनेक रुग्णांच्या डोळ्यांत गेल्या. सर्जनचा हात स्वच्छ असून भागत नाही. आत जाणारा प्रत्येक थेंब निर्जंतुक लागतो.

माणूस धडधाकट आहे, मधुमेह नाही, ऑपरेशन नाही. तरी कसं झालं?

अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: गेल्या दोन-तीन महिन्यांत सलाईन लावलं होतं का?

'अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा' हे आपल्या गावांतलं नेहमीचं मागणं. ताप उतरला तरी सलाईन, उपवासाने गरगरलं तरी सलाईन. भारतात शिरेतून डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली लावल्यानंतर निरोगी माणसांच्या डोळ्यांत बुरशी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ग्लुकोज हे बुरशीचं आवडतं खाद्य. बाटलीला केसाएवढी चीर असेल, रबरी बुचातून हवेसाठी उघडी सुई खुपसलेली असेल किंवा अर्धी बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवली असेल, तर ती आत वाढते. पाणी गढूळ दिसायच्या आधीच पुरेशी वाढलेली असते.

सलाईन आणि डोळ्याचा त्रास यांत काही दिवसांपासून काही आठवड्यांचं अंतर असतं. त्यामुळे रुग्ण तो संबंध जोडत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. तुम्ही स्वतःहून सांगा. या एका माहितीने निदानाची दिशा बदलते.

लक्षणं कोणती? फार दुखत नाही, तेव्हा थांबलं तर चालेल का?

नाही. कमी दुखणं हीच या आजाराची फसवणूक आहे. जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत डोळा लालबुंद करतो आणि माणसाला झोपू देत नाही. बुरशी सावकाश पसरते. आधी काळ्या माश्या किंवा जाळी तरंगताना दिसते. मग धुकं पडल्यासारखं अंधुक होतं, उजेड सहन होत नाही, थोडी लाली येते. ठिपका मॅक्युलावर असेल तर समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो आणि कडेचं मात्र नीट दिसतं.

घरी करायची तपासणी सोपी आहे. चष्मा लावून, एकेक डोळा हाताने झाकून, रोज त्याच खिडकीत उभं राहून समोरच्या दुकानाची तीच पाटी वाचा. काल वाचता येणारं अक्षर आज गेलं तर उद्याची वाट पाहू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो, आणि माणसाला महिनाभर पत्ता लागत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किती दिवसांनी बुरशीचा संशय घ्यायचा?

जिवाणूंचा संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो. बुरशी साधारण दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही. आपल्या दमट हवेत ती लवकरही येते, त्यामुळे 'पाचवाच दिवस आहे, बुरशी नसणार' असं कोणी ठामपणे सांगू नये.

लक्ष ठेवायचं ते नजरेच्या उताराकडे. ऑपरेशननंतर नजर दिवसागणिक सुधारायला हवी. आधी चांगलं दिसायला लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा धूसर झालं, तर ती 'थोडी सूज' समजू नये. बुबुळाच्या तळाशी नखाच्या चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ दिसली तर तो पू आहे. त्याच दिवशी दाखवा.

स्टेरॉइडच्या थेंबांनी बरं वाटलं होतं. मग डॉक्टर बंद का करायला सांगतात?

बुरशीने गेलेल्या डोळ्यांत सर्वांत जास्त नुकसान इथे झालेलं असतं, म्हणून हे सविस्तर.

डोळ्याची लाली, दुखणं, सूज हे सगळं शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो. स्टेरॉइड तो झगडा थांबवतं. डोळा पांढरा होतो, दुखणं जातं, रुग्ण खूश. आत बुरशीला मोकळं रान मिळतं. थेंब दिवसाला सहा वेळांवरून चार, चारांवरून दोनवर आणले की लाली परत येते. मग थेंब वाढवले जातात, पुन्हा बरं वाटतं. दोन-तीनदा हा खेळ होतो आणि दर फेरीला नजर एक पायरी उतरते. थेंब कमी केले की उसळी, वाढवले की आराम, पण नजर मात्र सतत खाली. हा नमुना दिसला की बुरशी आहे असं धरून डोळ्याच्या आतलं पाणी तपासायला गेलं पाहिजे.

चूक दर वेळी निष्काळजीपणाची असते असं नाही. टीबी, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग किंवा साधा युव्हायटिस (डोळ्याच्या मधल्या थराची सूज) सुरुवातीला असाच दिसतो, आणि त्यांत स्टेरॉइडला जागा आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: संशय असेल तर आधी नमुना, मग स्टेरॉइडचा विचार. बुरशीचं औषध जम बसवून काम करायला लागल्यावर काही तज्ज्ञ बेताने स्टेरॉइड देतात, तो वेगळा निर्णय. मेडिकलच्या दुकानातून, जुन्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या बाटलीतून घेतलेल्या थेंबांना मात्र यात कुठेच जागा नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांतला शब्द असेल तर ते स्टेरॉइड. 'अँटिबायोटिकचे थेंब' म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन मिसळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा.

एक उलटी सावधगिरीही सांगायला हवी. पोटातून घेतलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बऱ्याच दिवसांच्या असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवाला धोका होतो.

निदान नक्की कसं होतं?

बाहुली मोठी करून पडदा तपासतात. आत फार गढूळ असेल तर बंद पापणीवरून सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन. पण नुसतं बघून बुरशीचं नाव कळत नाही. त्यासाठी व्हिट्रसचा नमुना लागतो.

डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर करतात. ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक डोळ्यात घालून काही मिनिटं थांबतात. मग बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटर अंतरावरून बारीक सुई आत घालून ०.२ ते ०.३ मिलीलिटर द्रव ओढतात. अंतर नेमकं ठेवावं लागतं: पुढे घातली तर सुई भिंगाला लागते, मागे घातली तर पडद्याला. त्याच बैठकीत औषधाचं इंजेक्शन आत देतात, म्हणजे दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही.

बुरशी पडद्याजवळच्या पांढऱ्या गोळ्यांत दडून असते, त्यामुळे सुईने ओढलेल्या पातळ द्रवात ती पुष्कळदा सापडतच नाही. व्हिट्रेक्टमी, म्हणजे व्हिट्रस कापून काढायचं ऑपरेशन, करून काढलेल्या नमुन्यात सापडण्याची शक्यता जास्त.

नमुना मिळाल्यावर घाई करावी लागते. सिरिंज टोपी लावून लगेच सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पोचली पाहिजे. चिठ्ठीवर 'बुरशी शोधा, कल्चर दीर्घकाळ ठेवा' असं लिहिलेलं हवं. कल्चर म्हणजे नमुना खाद्य घातलेल्या प्लेटवर ठेवून जंतू वाढतात का ते पाहणं. नाहीतर प्रयोगशाळा जिवाणूंच्या हिशेबाने दोन-तीन दिवसांत 'वाढ नाही' असा रिपोर्ट देऊन प्लेट टाकून देते. बुरशीची प्लेट निदान दोन आठवडे, जमल्यास चार आठवडे ठेवायची असते.

रिपोर्टवर लिहिलंय त्याचा अर्थ काय?

'के.ओ.एच. माउंट' म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी. ती तासाभरात होते. 'बडिंग यीस्ट सेल्स' किंवा 'स्यूडोहायफी' लिहिलं असेल तर बहुधा कॅन्डिडा. 'सेप्टेट हायफी' म्हणजे आडवे पडदे असलेले धागे. अ‍ॅस्परजिलस, फ्युझेरियम ही मंडळी. 'एसेप्टेट' किंवा 'पॉसीसेप्टेट' म्हणजे रुंद, पडदे नसलेले किंवा अगदी तुरळक असलेले धागे. तिथे म्युकरच्या जातकुळीचा संशय येतो. 'एस.डी.ए.' ही बुरशी वाढवायची साबुरो नावाची प्लेट. पीसीआर म्हणजे बुरशीच्या जनुकाचा तुकडा शोधणं. ते थोड्या द्रवातही जमतं, पण कोणतं औषध लागू पडेल हे त्यातून सहसा कळत नाही.

कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे बुरशी नाही ना?

नाही, तसं म्हणता येत नाही. नमुना थेंबभर असतो. डोळ्यातलं चित्र आणि रुग्णाचा इतिहास बुरशीकडे बोट दाखवत असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवरही उपचार चालू ठेवतात.

डोळ्यात इंजेक्शन? थेंबांनी किंवा गोळ्यांनी भागणार नाही का?

थेंब पडद्यापर्यंत पोचत नाहीत. कॉर्नियाच्या बुरशीवर नॅटामायसिनचे थेंब उत्तम, पण त्याचा रेणू मोठा असतो आणि तो वरच अडकतो. गोळ्यांपैकी फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल डोळ्याच्या आत चांगल्या प्रमाणात जातात. पडद्यावर फक्त ठिपके असतील आणि व्हिट्रस स्वच्छ असेल तर नुसत्या गोळ्यांवर किंवा शिरेतल्या औषधावर भागू शकतं. व्हिट्रस गढूळ झाला की डोळ्यात औषध द्यावंच लागतं.

नेहमीची दोन औषधं म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी, ५ ते १० मायक्रोग्रॅम, आणि व्होरिकोनॅझोल, १०० मायक्रोग्रॅम. दोन्ही ०.१ मिलीलिटरमध्ये. व्होरिकोनॅझोल डोळ्यातून काही तासांत निघून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तिसऱ्या इंजेक्शनला 'आधीचं फुकट गेलं का?' असं नातेवाईक विचारतात. फुकट गेलेलं नसतं. औषध मुळातच आत टिकत नाही.

मायक्रोग्रॅम हा शब्द जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या साध्या बाटलीत ५० मिलिग्रॅम पूड असते. त्यात १० मिलीलिटर निर्जंतुक पाणी घातलं की दर मिलीलिटरला ५ मिलिग्रॅम होतं. त्यातलं ०.१ मिलीलिटर घेऊन ५ टक्के डेक्स्ट्रोजने १० मिलीलिटर करायचं. आता दर मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम. त्यातलं ०.१ मिलीलिटर म्हणजे ५ मायक्रोग्रॅम, डोळ्याचा डोस. दुसरी पायरी विसरली तर डोस शंभर पट होतो आणि पडदा कायमचा जळतो. डेक्स्ट्रोजऐवजी मिठाच्या पाण्याचं सलाईन वापरलं तर औषधाचा साका बसतो. सिरिंजमधलं पाणी जवळजवळ रंगहीन दिसायला हवं. ते ठळक पिवळं दिसलं तर मिश्रण चुकलंय. हे काम ज्या ऑपरेशन थिएटरमध्ये दोन माणसं एकमेकांना मोठ्याने आकडे वाचून दाखवत करतात ते चांगलं थिएटर. घरी करायची ही गोष्ट नाही, हे वेगळं सांगायला नको.

व्हिट्रेक्टमी कधी लागते?

व्हिट्रस बराच गढूळ असेल, आत पांढरे गोळे असतील किंवा इंजेक्शननंतरही नजर उतरत असेल तर. डोळ्याच्या पांढऱ्या भागात मिलिमीटरपेक्षा बारीक तीन छिद्रं पाडून बुरशीने भरलेला व्हिट्रस कापून ओढून घेतात. बुरशीचा साठा कमी होतो, भरपूर नमुना मिळतो आणि औषध सगळीकडे पसरतं. एक तोटाही आहे: व्हिट्रस काढलेल्या डोळ्यातून औषध आणखी लवकर बाहेर पडतं, म्हणून नंतरच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक बदलतं.

पडदा फाटला किंवा सुटला असेल तर आत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. गॅस भरला असेल तर विमानप्रवास बंद, आणि घाट चढण्याआधी सर्जनला विचारणं सक्तीचं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि नस दबते. चिपळूणहून मुंबईला ऑपरेशन करून पुढे महाबळेश्वरला मुलीकडे विश्रांतीला जायचा बेत असेल तर तो रद्द करा. या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला डोळ्यातल्या गॅसबद्दल सांगा, कारण नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

गोळ्या किती दिवस?

निदान चार ते सहा आठवडे, आणि पडद्यावरचे ठिपके बसेपर्यंत. कॅन्डिडासाठी फ्लुकोनॅझोल पहिल्या दिवशी ८०० मिलिग्रॅम आणि नंतर रोज ४०० ते ८०० असं मोठ्यांना सर्वसाधारणपणे देतात. नायट्यासाठी आठवड्याला १५० ची एक गोळी घेतलेल्यांना हा आकडा ऐकून धक्का बसतो. डोस मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिन आधी बघतात. कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत: क्रुसेई कधीच नाही, ऑरिस बहुधा नाही. अ‍ॅस्परजिलसवर फ्लुकोनॅझोल निरुपयोगी, तिथे व्होरिकोनॅझोल.

या गोळ्यांबरोबर काय सांभाळायचं?

आधी तुमच्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. फ्लुकोनॅझोलबरोबर ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते. पहाटे घाम फुटून थरथर झाली तर तेच समजा आणि आधी साखर खा. वॉरफेरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होतं. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांच्यामुळे व्होरिकोनॅझोल शरीरात टिकतच नाही. रिफाम्पिसिनबरोबर ते देतच नाहीत. टीबी आणि डोळ्यातली बुरशी एकाच माणसात असेल तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायला हवा. कागद घेऊन हेलपाटे रुग्णाने घालायचे हे बरोबर नाही, पण घडतं ते तसंच.

व्होरिकोनॅझोल जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्यायचं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात रंग भडक दिसणं, लखलखाट, धूसरपणा होतो आणि थोड्या वेळात ओसरतो. हा औषधाचा परिणाम, बुरशी वाढल्याची खूण नव्हे. तेवढ्या वेळात आणि रात्री गाडी चालवू नका. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्या आणि टोपी. यकृताची रक्ततपासणी नियमित हवी. काहींच्या शरीरात हे औषध साठतं तर काहींत भराभर विरतं, म्हणून सोय असेल तिथे रक्तातली पातळी मोजून डोस ठरवतात. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

आयसीयूत रक्तात कॅन्डिडा सापडली. डोळे तपासायला सांगायचे का?

सांगा. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा प्रत्येक रुग्णाचे डोळे पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून तपासा म्हणतात. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील तर त्या वाढल्यावर आठवड्याभरात. तिथल्याच नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचं नंतरचं मत वेगळं आहे: लक्षणं नसतील तर सरसकट तपासणी नको. पण व्हेंटिलेटरवरचा माणूस 'मला अंधुक दिसतंय' हे सांगणार कसा? शंका असेल तिथे तपासणी मागणं योग्य.

आणखी एक कारण आहे. आयसीयूत रक्तातल्या कॅन्डिडावर पहिलं औषध बहुधा कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन असतं. रक्तासाठी ती उत्तम, पण डोळ्यात जवळजवळ जात नाहीत. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि डोळ्यात बुरशी वाढत राहते. डोळ्यात ठिपके दिसले तर औषध बदलावं लागतं.

दुसऱ्या डोळ्याला किंवा घरच्यांना होईल का?

घरच्यांना नाही. डोळे आल्यासारखा हा संसर्ग टॉवेल-रुमालातून पसरत नाही. दुसऱ्या डोळ्याचं म्हणाल तर बुरशी रक्तातून आलेली असेल तर दोन्ही डोळ्यांत असू शकते, म्हणून चांगला डोळाही तपासायचाच. ऑपरेशननंतर किंवा मार लागून झालेली असेल तर ती त्या एकाच डोळ्यापुरती.

नजर परत येते का?

तीन गोष्टींवर ठरतं: बुरशी कोणती, मॅक्युलावर आहे की बाजूला, आणि उपचार कधी सुरू झाले. कॅन्डिडा लवकर सापडली तर उपयोगाची नजर बऱ्याच जणांची वाचते. अ‍ॅस्परजिलस मॅक्युलावर बसली तर बुरशी मेल्यावरही तिथे व्रण राहतो आणि मधोमध दिसत नाही. काही डोळ्यांत काहीच उरत नाही. ते सुकून लहान होतात किंवा दुखणं थांबवण्यासाठी काढावे लागतात.

सुधारणा सावकाश दिसते. पहिल्या आठवड्यात 'वाढलं नाही' हीच चांगली बातमी. डॉक्टर आत पाहतात ते बुरशीच्या पांढऱ्या गोळ्यांच्या कडांकडे: कडा विस्कटलेल्या होत्या त्या आता आखीव झाल्या तर औषध लागू पडतंय.

शेतात डोळ्याला पात लागली, कुसळ गेलं. काय करायचं?

स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा भरपूर धुवा. चोळू नका. पदराच्या टोकाने, काडीने, जिभेने कुसळ काढायला कोणाला देऊ नका. उसाची पात करवतीसारखी असते. तिने कॉर्नियावर ओरखडा पडतो आणि पानावरची फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस त्यात पेरली जाते. ऊसतोडीच्या हंगामात, ज्वारीच्या मळणीत आणि कोकणात भात झोडताना हेच घडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुपणं वाढलं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर खरवडून तपासणी करून घ्यायची.

बुरशी निघाली तर नॅटामायसिन ५ टक्के. बाटली दर वेळी जोरात हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब, मग डॉक्टर सांगतील तसं कमी. पापण्यांवर पांढरा थर जमतो, तो औषधाचाच. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, विशेषतः फ्युझेरियमवर, नॅटामायसिन हे महागड्या व्होरिकोनॅझोल थेंबांपेक्षा सरस ठरलं. स्वस्त औषध लिहून दिलं म्हणून मन खट्टू करू नका.

तोडणीला साधा प्लॅस्टिकचा बंद चष्मा वापरावा. घामाने धुकं धरतो, म्हणून लोक काढून ठेवतात. बाजूला वाऱ्याची छिद्रं असलेला घेतला तर टिकतो.

मध, एरंडेल, आईचं दूध, गुलाबपाणी?

काहीही नाही. ही निर्जंतुक नसतात.

कुठे जायचं आणि बरोबर काय न्यायचं?

दोन गोष्टी एका छताखाली हव्यात: रेटिनाचा सर्जन आणि बुरशी ओळखणारी प्रयोगशाळा. गल्लीतल्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडेही हे दोन्ही नसतं, त्यात त्यांची चूक नाही. ते पाठवतील तिथे त्याच दिवशी निघा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मुंबईचं जे.जे., पुण्याचं ससून, छत्रपती संभाजीनगरची घाटी, गोव्यात बांबोळी, ही जवळची ठिकाणं. निघण्याआधी फोन करून रेटिनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी लिहून घ्या. शस्त्रक्रिया मंजूर होते आणि महिनाभराच्या गोळ्या खिशातून घ्याव्या लागतात असं होऊ शकतं, आणि व्होरिकोनॅझोल महाग असतं.

पिशवीत हे हवं: ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आयसीयूत राहिला असाल तर त्याचा सारांश आणि रक्ताच्या कल्चरचे रिपोर्ट, सलाईन कधी आणि कुठे लावलं ती तारीख, आतापर्यंत घातलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा. नावं आठवत नाहीत, लेबल आठवण देतं. सकाळी उपाशीपोटी निघालात तर बरं, ऑपरेशन त्याच दिवशी करायचं ठरू शकतं. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याआधी फोनवर विचारा. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, म्हणून सही करू शकेल असा एक माणूस सोबत न्या.